जर्मनच्या बोरांचा डबा

माझ्या स्वयंपाकघरात विष आहे, असं माझ्या थोरल्या भावानं सगळ्या भावकीत सांगितलं. खोटं नाही सांगितलं. आहे. ओट्याच्या वरच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी, लाल झाकणाच्या डब्यात. ज्याला बघायचं त्यानं यावं, मी झाकण उघडून दाखवीन. आलाच आहे तर चहाही करीन.

त्या डब्यात एल्डरबेरी नावाची वाळलेली फळं आहेत. मिऱ्याएवढी, काळी-जांभळी, सुरकुतलेली. माझी मुलगी जर्मनीत एका दवाखान्यात नर्स आहे. आपल्याकडं वेड्या बाभळी माजतात तसं तिकडं हे झाड रस्त्याच्या कडेला माजतं म्हणे, आणि थंडीत लोक घरी त्याच्या फळांचा पाक करून पितात. गेल्या थंडीत मला खोकला धरला होता. मी बियाण्याच्या कंपनीच्या शेडमध्ये बी निवडायला जाते, तिथली धूळ घशात जाऊन बसते. फोनवर मी बोलायची कमी आणि खोकायची जास्त. शेवटी मुलीनं सुट्टीवर येणाऱ्या एका मैत्रिणीबरोबर पुडा पाठवून दिला.

पुड्यावर सगळं जर्मन लिहिलेलं. म्हणून मुलीनं मला व्हिडिओ कॉलवर समोर बसवून शिकवलं. "आई, नीट ऐक. वाळलेली असली तरी कच्ची खायची न्हाईत. एक दाणासुद्धा न्हाई. बारीक देठ निवडून फेकायचे. झाकण न ठेवता चांगली उकळायची. मंग गाळून घ्यायचं, बिया पोटात जाऊ द्यायच्या न्हाईत." मी तिला दोनदा म्हणून दाखवलं तेव्हा तिनं फोन ठेवला. माझे वडील शेजारी बसून हे सगळं ऐकत होते. आम्ही त्यांना आबा म्हणतो. आबांनी एक फळ चिमटीत धरून खिडकीच्या उजेडात पाहिलं आणि म्हणाले, "ही तर बोरंच हायेत. जर्मनची बोरं."

आबा माझ्याकडं राहतात, हेच मुळात भावकीच्या डोळ्यांत खुपतं. ते गावाकडून, टेंभुर्णीहून, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला जालन्याला आले. नवीन जालन्यात, स्टेशनच्या अलीकडं, माझ्या दोन खोल्या आहेत. नवरा वारला त्याला बरीच वर्षं झाली, मुलगी परदेशी, जागेची अडचण नाही. डोळा बरा झाला, पट्टी सुटली, आणि एक दिवस मी शेडवरून घरी आले तर आबा गॅससमोर उभे राहून भाकरी थापत होते. पातळ, गोल, काठ न चिरलेली भाकरी. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "हात धू, गरम हाय तवर खा." त्यानंतर ते परत जायचं नावच काढीनात, आणि मीही काढलं नाही.

हे भाकरीचं प्रकरण बाहेरच्याला कळायचं नाही. आमच्या घरी पूर्वी मेंढरं होती. उन्हाळ्यात माणसं मेंढरं घेऊन गावोगाव फिरायची, तळावर तीन दगडांची चूल मांडायची आणि स्वतःचं स्वतः रांधून खायची. आबांची उमर त्यातच गेली. पुढं मेंढरं विकली, भावानं शेती सांभाळली, चांगली सांभाळली, पक्कं घर बांधलं. पण त्या पक्क्या घरात आबांना स्वयंपाकघराचा उंबरा बंद झाला. सासरा चुलीपाशी बसला तर सून जेवायला घालत नाही असं गाव म्हणणार, म्हणून वहिनी त्यांना हात लावू द्यायची नाही. तिचं तरी काय चुकलं? गाव म्हणालंच असतं. आबा ओसरीवर बसून ताटाची वाट बघायचे. हयातभर स्वतःच्या हातची खाल्लेल्या माणसाला ताटाची वाट बघायला लावणं म्हणजे काय, ते मला त्यांच्या तोंडाकडं बघून कळायचं. ज्याचं जळतं त्याला कळतं.

मेंढरांमागं फिरणाऱ्या माणसाला कुठलं पान खायचं आणि कुठलं नाही, हे बघावंच लागतं. आबांनी दोन गोष्टी आम्हा भावंडांना घोकून घोकून सांगितल्या होत्या. पहिली ज्वारीची. कापलेल्या ज्वारीच्या खुंटाला पुन्हा कोवळा हिरवा फुटवा येतो. जनावर त्याच्यावर तुटून पडतं, आणि त्यातच विष असतं. त्याला आमच्याकडं किराळ लागणं म्हणतात. जनावर थरथरतं, पडतं, डोळ्यांदेखत मरतं. पण त्याच ज्वारीचा उन्हात वाळलेला कडबा वर्षभर घाला, काही होत नाही. आबांचं एक वाक्य ठरलेलं, "वाळलं की ईष मरतं."

दुसरी गोष्ट म्हातारीची. नव्या रानात कळप एकदम सोडायचा नाही. आधी कळपातली सगळ्यात म्हातारी मेंढी सोडायची, तिला चरू द्यायचं. ती बसून शांतपणे रवंथ करायला लागली की मग बाकीची. "पोरीबाळी मागं, म्हातारी पुढं," असं ते म्हणायचे. लहानपणी मला त्या म्हातारीची फार दया यायची आणि आबांचा राग यायचा.

तर पुडा आला. शेडमध्ये त्या आठवड्यात काम जास्त होतं. रविवारी निवांत पाक करू म्हणून मी फळं लाल झाकणाच्या डब्यात भरून फळीवर ठेवली आणि आबांना बजावलं, "आबा, उकळल्याबिगर खायचं न्हाई बरं का." ते म्हणाले, "वाळलेलंच हाय की." मी कामाच्या घाईत होते. पुन्हा एकदा सांगितलं आणि निघाले.

संध्याकाळी आले तर दार उघडं, आबा मोरीपाशी भिंतीला टेकून बसलेले, ओकून ओकून चेहरा पांढरा पडलेला. ओट्यावर खलबत्ता होता. त्यात काळपट जांभळा कूट, मीठ आणि गुळाचा वास. माझ्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. आपण वाळल्या बोरांचं बोरकूट करतो, मीठ-गूळ घालून कुटतो आणि चाटतो, तसं यांनी जर्मनच्या बोरांचं बोरकूट केलं होतं. जगात दुसरीकडं कुठं कुणी ही चूक करणार नाही. त्यासाठी जालना जिल्ह्यातच जन्माला यावं लागतं. शेजारी एक वाटीही होती, वर बशी झाकलेली, तिच्यात तोच कूट. मी रागारागानं वाटी, खलबत्ता सगळं मोरीत रिकामं केलं आणि रिक्षा बोलावली.

दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी मुलीला फोन लावायला सांगितला, काय आहे ते समजून घेतलं आणि आबांना रात्रभर ठेवून घेतलं. मुलगी तिकडून मला म्हणाली, "आई, तुझं ज्वारीचं किराळ असतं ना, तसल्याच जातीचं ईष हाय हे. पण ह्या फळांत वाळवून ते जाईल याचा भरोसा न्हाई. शिजवावंच लागतं." ते ऐकताना मला आबांचं वाक्य आठवलं. ज्वारीच्या बाबतीत ते बरोबर होतं. त्या एका खऱ्या ठरलेल्या गोष्टीच्या जोरावर त्यांनी सगळ्या जगाची झाडं मोजली होती.

सकाळी आबा उठून बसले, चहा मागितला. जीव भांड्यात पडला म्हणेपर्यंत भावाचा फोन. "मी पहिल्यापासून सांगून राह्यलो, लेकीच्या घरी बाप ठेवायचा न्हाई. गावात काय बोलून राह्यलेत माहीत हाय का तुला? पोरीनं बापाला जर्मनचं ईष घातलं, असं बोलून राह्यलेत." मी म्हटलं, "दादा, आबाच्या तब्येतीचं तर विचार आधी." तो म्हणाला, "त्यासाठीच तर घेऊन जाणार हाय. आबाला आता कळत न्हाई. दिसल ते तोंडात घालतेत. त्यांला आता सवतंत्र सोडायचं बिलकुल न्हाई." विषाचा आळ माझ्यावर होता तोवर मी गिळला. पण आबांना कळत नाही, हे मला सहन झालं नाही. कळत नाही असं एकदा ठरलं की माणसाच्या हातातून तवा जातो, मग काठी, मग बाहेर जायची मुभा. ओसरीवरचं ते बसणं पुन्हा सुरू झालं असतं, आणि यावेळी कायमचं.

ज्यांनी ज्यांनी ऐकलं त्यांनी मला एकच सल्ला दिला. तो डबा फेकून दे. शेजारणीनं दिला, शेडमधल्या बायांनी दिला. मी म्हटलं, का फेकू? शेडमध्ये आपण औषध लावलेलं गुलाबी बियाणं हाताळतो, म्हणून कुणी पेरायचं सोडलंय का? सुरण घशाला खाजतं, म्हणून कुणी सुरणाचे वाफे उपटून टाकलेत का? चिंच घालतो, शिजवतो, बोटं चाटत खातो. मिरचीचा ठसका लागून लेकरू रडतं तरी मिरची घरातून जात नाही. शिजवायची ती वस्तू कच्ची खाल्ली, हा दोष वस्तूचा नाही, आणि ती ज्या घरात आहे त्या घराचा तर नाहीच. वड्याचं तेल वांग्यावर काढायची ही रीत मला पहिल्यापासून आवडत नाही. डबा फेकला असता तर सगळ्यांना बरं वाटलं असतं, आणि मी गुन्हा कबूल केला असं झालं असतं. मी तो पुसून पुन्हा फळीवर ठेवला. फक्त मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवली, 'उकळूनच'. आबांना वाचता येत नाही, पण पाहुण्यांना येतं.

आबांना पुरतं बरं वाटल्यावर एका रविवारी दादा जीप घेऊन आला. बरोबर चुलत्याला आणलं होतं, म्हणजे चार शब्द वडीलधाऱ्याच्या तोंडून जातील. आबा पलंगावर बसले होते. दादानं त्यांचे कपडे पिशवीत भरायला सुरुवात केली. आबांना काही विचारलं नाही. चुलते मला म्हणाले, "बाई, तुझं काही चुकलं असं आमी म्हणत न्हाई. पण लेकीचं घर ते लेकीचं घर. अन् म्हातारा आता लेकरावाणी झालाय. ठेवलेलं उचलून खातंय."

"मला कळत न्हाई?" आबा म्हणाले. आवाज मोठा नव्हता.

दादा पिशवी भरतच म्हणाला, "आबा, कळत असतं तर खाल्लं असतं का?"

"कळलं म्हणूनच खाल्लं." आबा माझ्याकडं न बघता बोलले. "पोरगी रातभर खोकत व्हती. म्हटलं कूट करून देऊ. वाळल्यानं त्याचं ईष मरत न्हाई, हे मला ठाव नव्हतं. तेवढी माझी चूक. पण परक्या रानातला पाला व्हता. म्हणून तिची वाटी झाकून ठेवल्ती, अन् आधी मी खाल्लं. म्हातारी पुढं. तुला ठाव न्हाई का, रे?"

दादाचा हात पिशवीतच राहिला. त्याला ठाऊक होतं. आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. ती झाकलेली वाटी मी माझ्या हातानं मोरीत ओतली होती, आणि ती कुणासाठी काढून ठेवलीय हे एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. त्यांनी ती चव घेतली नसती तर घरी येऊन मी ती वाटी चाटूनपुसून खाल्ली असती. बापानं केलेलं मी कधी नाकारलेलं नाही. मला रडू आलं आणि त्याच वेळी भयंकर रागही आला, भावाचा, चुलत्यांचा, त्या पिशवीचा.

मी उठले आणि फळीवरून डबा काढला. चुलते म्हणाले, "आता ते काहून काढून राह्यली?" मी म्हटलं, "बसा. पाहुणे आलेत, काहीतरी करायला नको?"

ताटात मूठभर फळं पसरली आणि एकेक देठ निवडला. धुतली. पातेल्यात भरपूर पाणी घेऊन उकळायला ठेवली, झाकण ठेवलं नाही, खिडकी उघडी केली. पाण्याला उकळी फुटली तसा जांभळा रंग सुटला, आधी पातळ, मग दाट, शेवटी जुन्या शाईसारखा. वास काही फार चांगला नाही, मातीचा आणि थोडा ओल्या लाकडाचा. निम्मं पाणी आटेपर्यंत मी गॅसपाशीच उभी राहिले. धुवट फडक्यातून गाळलं. बिया आणि चोथा कागदात बांधून बाजूला ठेवला, कारण आमच्या गल्लीत शेळ्या फिरतात आणि मी मेंढरांच्या घरची आहे. मग रसात गूळ, आलं, दोन लवंगा घालून पुन्हा एक उकळी दिली. मध घालायचा तर निवल्यावर घालावा, आणि तान्ह्या लेकराला द्यायचा नाही, हेही मुलीनं सांगितलं होतं. मध घरात नव्हता. यानं खोकला जातो असं मी म्हणणार नाही. घसा ओला होतो, बरं वाटतं, एवढंच. आणि तेही थोडंच घ्यायचं.

चार पेले मांडले. आबांना डॉक्टरांनी इतक्यात नको म्हटलं होतं, म्हणून त्यांच्या पेल्यात चहा ओतला. एक पेला मी उचलला आणि दादाकडं बघत सगळा प्याले. आंबटगोड, घशाला किंचित धरणारा. मग म्हटलं, "दादा, आता तू थांब. काका, तुमीबी थांबा. म्हातारी मेंढी रवंथ करस्तोवर थांबायचं असतं."

आबा हसले. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा.

मग आम्ही थांबलो. दुसरं काय करणार? दुपार झाली. चुलते भिंतीला टेकून डुलक्या घेऊ लागले. दादा दर थोड्या वेळानं माझ्या तोंडाकडं बघायचा आणि मी बघितलं की खिडकीबाहेर बघायचा. मी धुणं वाळत घातलं, लसूण सोलला, वांगी चिरली. मला काहीही झालं नाही. भुकेची वेळ झाली तसे आबा पलंगावरून उठले, हात धुतले, परातीत पीठ घेतलं आणि चुलत्यांच्या डोळ्यांसमोर भाकरी थापायला लागले. चुलते सावरून बसले. काही म्हणतील असं वाटलं, पण पहिली भाकरी फुगली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तळावर अशाच करायचा तू." ते आबांचे धाकटे भाऊ. तळावर आबांनीच त्यांना खाऊ घातलेलं.

दादा खाली बसून जेवला. बापाच्या हातची भाकरी त्यानं लहानपणी खाल्ली असेल, त्यानंतर नाही. तो सावकाश खात होता, भाकरीचा तुकडा मोडून आधी नुसताच तोंडात घालायचा, मग कालवणात बुडवायचा. जेवण झाल्यावर त्यानं एल्डरबेरीचा पेला ओढला आणि संपवला. चुलत्यांनीही संपवला, तोंड वाकडं करून.

मग दादा उठला. पिशवी अजून पलंगावर होती, अर्धी भरलेली. त्यानं ती उचलली नाही. पण भावकीला काहीतरी सांगावं लागणार होतं, म्हणून दारात उभं राहून त्यानं शेवटचं विचारून घेतलं. "आबा, चलता का मंग?"

आबा गॅससमोर उभे होते, पाठ आमच्याकडं. तव्यावर माझी भाकरी होती. सगळ्यांना वाढून झाल्यावर मी शेवटी बसते हे त्यांना माहीत आहे.

"जल्दी न्हाई जमायचं," ते म्हणाले. "बाईची भाकर उलटायची हाय."